घरीं केलेला मोबाइल-चार्जर आणि त्याचे दोष

"शाळेंत नीट वागतो, घरीं मात्र ऐकत नाहीं," अशी तक्रार पालक आपल्या मुलांविषयीं आमच्याजवळ नेहमीं करीत असतात. एखाद्या यंत्राविषयीं तीच तक्रार ऐकण्याचा प्रसंग आम्हांवर गेल्या पावसाळ्यांत प्रथमच आला. मुळशी तालुक्यांतील भुकूम गांवाहून आमच्या शाळेंत येणाऱ्या नववीच्या दोघां विद्यार्थ्यांनीं मोबाइल फोनला वीज पुरविणारा चार्जर स्वतःच्या हातांनीं जुळविला होता. दिवसा विज्ञानशाळेच्या मेजावर तो बिनतक्रार चाले. रात्रीं घरीं तोच लावला म्हणजे फोनवरील विजेची खूण क्षणभर दिसे, मावळे आणि पुन्हां दिसे. सकाळीं पाहावें तों फोन जसाच्या तसा रिकामा.

ही गोष्ट केवळ मुलांच्या हौसेपुरती असती तर आम्हीं ती सवडीनें पाहिली असती. परंतु त्यांपैकीं एकाची आई पिरंगुटच्या कारखान्यांतील कामगारांस जेवणाचे डबे पुरविते. उद्यां किती डबे हवेत ह्याचे निरोप तिला रात्रीं नऊनंतर फोनवर येतात. घरांतील विकतच्या चार्जरची वायर उंदरानें कुरतडल्यामुळें दोन दिवस सारी भिस्त मुलाच्या चार्जरवर राहिली, आणि त्यांतील एका दिवशीं अकरा डबे कमी पडले. अकरा माणसें त्या दुपारीं उपाशीं राहिलीं कीं वडापाव खाऊन भागविलें हें आम्हांस ठाऊक नाहीं. त्या माउलीचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता, आणि मुलगा तर आमच्यासमोर मान वर करीना. तेव्हां दोष शोधून काढणें आम्हांस भागच पडलें. तो शोध कसा झाला तें येथें सांगतों. कारण असे चार्जर आपल्या शाळेंतील आणखीही कांहीं मुलें करीत आहेत, आणि त्यांच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा ह्याच जातीच्या असतात.

आरंभींच एक गैरसमज दूर करूं. ज्याला आपण चार्जर म्हणतों तो वस्तुतः चार्जर नव्हे. फोनमधील लिथियम-आयन बॅटरी किती भरावी, केव्हां थांबावें, दाब सुमारें ४.२ व्होल्टच्या पलीकडे जाऊं द्यावा कीं नाहीं, हें सारें ठरविणारें मंडल फोनच्या पोटांतच असतें. बाहेरची पेटी केवळ पांच व्होल्टचा स्थिर दाब पुरविते. म्हणून फोनमधून बॅटरी काढून तिला परस्पर वायरी जोडण्याचा उद्योग कोणींही कधींही करूं नये. तो राखणदाराला बाहेर घालवून घराचें दार उघडें टाकण्यासारखा आहे. अशी बॅटरी फुगते, आणि पेटही घेते.

आतां मुलांच्या पेटींत काय काय होतें तें पाहूं. पुण्यांतील बुधवार पेठेंत तपकीर गल्लीच्या बाजूस जीं विजेच्या सामानाचीं दुकानें आहेत तेथून त्यांनीं सर्व सुटे भाग आणिले होते. भिंतींतील २३० व्होल्टची वीज प्रथम एका लहान ट्रान्सफॉर्मरमध्यें जाते आणि तेथून ९ व्होल्टची होऊन निघते. ही वीज अद्याप उलटसुलट वाहणारीच असते. सेकंदाला शंभर वेळां तिची दिशा बदलते. पुढें चार डायोडांचा एक पूल असतो. डायोड म्हणजे विजेची एकमार्गी वाट. ह्या पुलावरून गेलेली वीज एकाच दिशेनें वाहूं लागते, पण धारेसारखी नव्हे, तर उचक्या लागल्यासारखी: सेकंदाला शंभर उचक्या, आणि दोन उचक्यांच्या मध्यें शून्य. अशी वीज फोनला चालत नाहीं. म्हणून त्यापुढें एक मोठा कपॅसिटर बसवितात, आणि त्यानंतर ७८०५ ह्या अंकाचा तीन पायांचा रेग्युलेटर, जो वरचा दाब छाटून बरोबर पांच व्होल्ट पुढें सोडतो.

कपॅसिटरचें काम समजण्यासाठीं भुकूमच्या मुलांना दूर जावयास नको. त्यांच्याच तालुक्यांत मुळशीचें धरण आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो तो काय तो जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. परंतु त्याच पाण्यावर घाटाखालचें भिरा येथील वीजघर १९२७ सालापासून चालत आलें आहे, आणि तें केवळ पावसाळ्यांत चालत नाहीं. मध्यें तळें आहे म्हणूनच हें शक्य होतें. पाऊस आला कीं तळें भरतें, पाऊस थांबला कीं तळें देतें. (ह्या तळ्याखालीं मावळांतील शेतकऱ्यांचीं घरें आणि भातखाचरें गेलीं, आणि त्याविरुद्ध १९२१ सालीं जो सत्याग्रह झाला त्यानेंच पांडुरंग महादेव बापट ह्यांस 'सेनापति' हें नांव मिळालें, हें मुळशीकडील वाचकांस आम्हीं सांगावयास नको, परंतु तळ्याचें नांव घेतांना तें विसरणें बरें नव्हे.) चार्जरमधील कपॅसिटर हें असेंच तळें आहे. फरक इतकाच कीं, येथील पावसाळा व उन्हाळा मिळून सेकंदाचा शंभरावा भाग होतो. तळें लहान आणि मागणी मोठी असेल तर पुढचा पाऊस येण्यापूर्वींच तळ उघडा पडतो. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

दोष शोधण्यास बसण्यापूर्वीं आम्हीं मुलांस दोन प्रश्न विचारिले. पहिला, ट्रान्सफॉर्मर खरोखरच आहे ना? कारण ट्रान्सफॉर्मर महाग पडतो म्हणून तो गाळून, भिंतींतील वीज एका लहान कपॅसिटरमधून व रोधकामधून थेट घेण्याच्या आकृत्या हल्लीं जागोजाग सांपडतात. अशा मंडलांत मीटर पांच व्होल्ट दाखवील, फोनही भरेल, पण फोनचा धातूचा भाग आणि भिंतींतील २३० व्होल्ट ह्यांच्यामध्यें कांहींच आडपडदा उरत नाहीं. मुळशीच्या पावसांत ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिलेल्या माणसानें असा फोन कानाला लावला तर काय होईल, हें आम्हीं लिहीत नाहीं. ट्रान्सफॉर्मरांत वीज एका गुंडाळ्यांतून दुसऱ्या गुंडाळ्यांत तारेनें जात नाहीं, चुंबकत्वानें जाते. तोच खरा बंधारा होय. जेथें तो नसेल ती पेटी दुरुस्त करूं नये, मोडून टाकावी. दुसरा प्रश्न, २३० व्होल्टची बाजू पूर्ण झांकलेली आहे काय, आणि तेथें फ्यूज आहे काय? झांकलेली होती, फ्यूज नव्हता. तो आधीं बसविला. त्यानंतर नियम घालून दिला कीं, प्लग भिंतींतून उपटून हातांत दिसत असल्याखेरीज पेटीचें झांकण उघडावयाचें नाहीं, आणि आमच्यापैकीं कोणी मोठें माणूस जवळ असल्याखेरीज प्लग भिंतींत घालावयाचा नाहीं.

मुलांचें म्हणणें असें होतें कीं चार्जर निर्दोष आहे, कारण मीटर लावला असतां तो ५.०२ व्होल्ट दाखवितो. आम्हींही मीटर लावला, ५.०२ हाच आंकडा आला. बहुतेक सर्वांची फसगत येथेंच होते. कांहींही ओढून न घेतां मोजलेला दाब म्हणजे बैल मोकळा असतांना मोजलेली त्याची चाल. गाडीला ओझें घातल्यावर तो किती चालतो तें पाहावयास हवें. पण ओझें म्हणून फोनच लावला आणि चार्जरांत मोठा दोष निघाला, तर फोन जळावयाचा, आणि तोही आईचा. म्हणून आम्हीं एक खोटा फोन केला. १० ओहमचा, ५ वॉटचा, पांढऱ्या खडूसारखा चौकोनी रोधक दुकानांत थोडक्या पैशांत मिळतो. पांच व्होल्टवर तो अर्धा अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे साधारण फोन जितका घेतो तितका, आणि अडीच वॉट उष्णता बाहेर टाकतो. तो तापतो, हाताला चटका देतो, म्हणून त्याला चिनी मातीच्या बशींत ठेविलें. चार्जर करणाऱ्या प्रत्येक मुलानें असा खोटा फोन आधीं करावा आणि खरा फोन शेवटीं लावावा. ह्या लेखांतून एकच गोष्ट कोणी उचलणार असेल तर ती ही उचलावी.

खोट्या फोननें आपली किंमत पहिल्याच तासांत भरून दिली. तो जोडून पेटी मेजावर किंचित् सरकविली मात्र, तों मीटरवरील आंकडा पांचावरून एकदम नऊच्या जवळ गेला आणि परत पांचावर आला. मुलांस वाटलें मीटर बिघडला. आम्हीं पेन्सिलीच्या लांकडी टोंकानें एकेक सांधा हलक्या हातानें दाबून पाहिला. रेग्युलेटरच्या मधल्या पायाशीं टोंक लागलें कीं आंकडा उडे. तेथील सोल्डरचा डाख वरून चकचकीत दिसत होता, पण भिंगांतून पाहतां पायाभोंवतीं केसासारखी बारीक चीर दिसली. ह्यास कोरडा डाख म्हणतात; धातु पुरता तापण्यापूर्वींच सोल्डर वर सांडलें म्हणजे तो असा नुसता बिलगून बसतो, एकजीव होत नाहीं. आतां ७८०५ चा मधला पाय म्हणजे त्याची जमिनीची खूण. अंकाची बाजू आपल्याकडे धरली असतां डावा पाय आंत येणाऱ्या विजेचा, मधला जमिनीचा, उजवा बाहेर जाणाऱ्या विजेचा. मधला पाय सुटला कीं पांच व्होल्ट कोठून मोजावयाचे हेंच त्याला कळत नाहीं, आणि आंत आलेला दाब थोडाफार वजा जातां तो तसाच पुढें लोटून देतो. फोनला पांचाऐवजीं नऊ, दहा व्होल्ट! त्या दोन रात्रींत पेटी कोणी हलविली नाहीं, हें त्या घराचें सुदैव. आम्हीं तो डाख पुन्हां दिला, आणि पुढील धोका टाळण्यासाठीं बाहेरच्या टोंकाला ५.६ व्होल्टचा एक झेनर डायोड व रेग्युलेटरच्या अलीकडे एक अँपिअरचा फ्यूज बसविला. दाब मर्यादेबाहेर गेला तर झेनर तो आपल्या अंगावर घेतो आणि फ्यूज वितळून वाट बंद होते. दहा रुपयांचा माल मरतो, फोन वांचतो.

इतकें झाल्यावर मुलें आनंदानें म्हणालीं कीं दोष सांपडला. आम्हांस तसें वाटेना. सुटलेल्या पायानें दाब वाढावा. घरीं तर फोन उपाशी राहत होता. जो दोष सांपडला तो मूळ तक्रारीचें उत्तर देतो काय, हें न विचारतां हत्यारें आवरणारे कारागीर पुष्कळ असतात, आणि तेच घड्याळ तिसऱ्यांदा त्यांच्याकडे परत येतें. रात्रीं चार्जर घरीं लावून पाहिला; खूण पूर्वीप्रमाणेंच दिसे व मावळे.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं मीटर व खोटा फोन पिशवींत घालून आम्ही स्वतः चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्यानें भुकूमला गेलों. घर गांवठाणापासून बरेंच आंत, वाडीच्या अगदीं शेवटास. आम्ही पोंचलों तेव्हां सात वाजत होते आणि चार्जर उत्तम चालत होता. मुलें ओशाळलीं. चहा पुढें ठेवतांना आई सहज म्हणाली, "सर, जरा थांबा. गिरण सुरू झाली कीं आमचे दिवे डोळे मिटतात." आम्हीं दोन दिवस मीटर घेऊन जें हुडकलें नव्हतें तें त्या बाईनें एका वाक्यांत सांगितलें. साडेसात वाजतां पिठाची गिरण आणि शेतांतील पंप एकदम सुरू झाले, दिवा पिंवळा पडला, आणि आम्हीं भिंतींतील दाब मोजला तों तो १९० व्होल्ट. शाळेंत त्याच दिवशीं दुपारीं तो २३२ होता. वाडीच्या टोंकापर्यंत येणाऱ्या लांब तारेंतून जसजसा अधिक प्रवाह जातो तसतसा तारेचा अवरोध अधिक दाब गिळतो. शेवटच्या घराच्या वाट्याला उरलेला येतो. पाण्याच्या नळावर शेवटच्या घराचें जें होतें तेंच हें.

तरीही प्रश्न सुटला नाहीं. १९० व्होल्टचे ट्रान्सफॉर्मरमधून साडेसात तरी निघतात, आणि आपल्याला हवे आहेत पांच. मग कमी कां पडावें? येथें रेग्युलेटरची एक अट आड येते. ७८०५ ला पांच व्होल्ट देण्यासाठीं आंत सुमारें सात लागतात. दोन व्होल्ट ही त्याची दलाली समजा. आणि ते सात क्षणभरही कमी होतां कामा नये. आम्हीं खोटा फोन लावून रेग्युलेटरच्या आंतील टोंकाला मोजलें. शाळेंत तेथें ८.८ व्होल्ट आले होते; भुकूमला ६.५ आले, आणि बाहेर पांचाऐवजीं ४.४.

आठवीपासून पुढच्या वर्गांतील वाचकांनीं आमच्याबरोबर थोडा हिशेब करावा. मीटर जो आंकडा दाखवितो तो मधला असतो. तळ्याची पातळी प्रत्यक्षांत त्याच्या वर चढते आणि खालीं उतरते. किती उतरते हें काढावयाचें असेल तर प्रवाहास वेळेनें गुणावें आणि कपॅसिटरच्या धारकतेनें भागावें. प्रवाह अर्धा अँपिअर. दोन उचक्यांमधील उपासाचा वेळ सेकंदाचे सुमारें साडेसात सहस्रांश. मुलांनीं बसविलेला कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा, म्हणजे फॅरडचा एक सहस्रांश. उत्तर येतें पावणेचार व्होल्ट. शाळेंत उचकीचा माथा साडेदहाच्या थोडा वर होता. त्यांतून पावणेचार गेले, तळ जेमतेम सातापाशीं टेंकला आणि चार्जर कसाबसा वांचला. भुकूमला रात्रीं माथा ८.४ वर आला. त्यांतून पावणेचार गेले, उरले पावणेपांचच्याही आंत. म्हणजे सेकंदांत शंभर वेळां रेग्युलेटरखालची जमीन सरकत होती. फोन हें ओळखतो, वीज घेणें थांबवितो. घेणें थांबतांच ओझें उतरून दाब पुन्हां चढतो. फोन पुन्हां घेऊं लागतो. खूण दिसणें व मावळणें ह्याचें कारण हेंच. चार्जर भुकूमला बिघडत नव्हता. तो शाळेंतही बिघडलेलाच होता. तेथें तें दिसत नव्हतें इतकेंच.

उपाय कोणता करावा यावर वाद झाला. एका विद्यार्थ्याचें म्हणणें, नऊऐवजीं बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणावा. त्यानें रात्रीचें काम झालें असतें हें खरें. पण दिवसा पूर्ण दाब आल्यावर वरचे सारे व्होल्ट रेग्युलेटरला उष्णतेच्या रूपानें जाळावे लागले असते. आम्हीं तळें मोठें करण्याचें ठरविलें. १००० च्या जागीं ४७०० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्ट सोसणारा कपॅसिटर बसविला. १६ व्होल्टचा स्वस्त मिळत होता, तो घेतला नाहीं. ओझें नसतांना ह्या टोंकाला १४ व्होल्ट चढतात, आणि भिंतींतील दाब एखादे वेळीं वाढला तर आणखी चढावयाचे. बसवितांना त्याचा ऋण पाय कोणता हें दोनदां पाहिलें, कारण उलटा बसविलेला असा कपॅसिटर फटाक्यासारखा फुटतो. पातळीचा उतार आतां एका व्होल्टच्या आंत आला. रात्रीं आठ वाजतां, गिरण चालू असतां, खोट्या फोनवर ४.९८ व्होल्ट मिळाले. मग खरा फोन लावला. आई स्वयंपाकघरांतून तीनदां येऊन पाहून गेली. खूण मावळली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मुलें पुन्हां दारांत उभीं. चार्जर आतां रात्रीं चालत होता आणि दिवसा, शाळेंत, चार-पांच मिनिटांनीं बंद पडत होता! आम्हांस हंसूं आवरेना, पण दोष आमचाही होता. हें आधींच हिशेबांत धरावयास हवें होतें. तळें मोठें झाल्यानें दिवसा आंतील दाब सरासरी १०.२ व्होल्ट झाला. त्यांतील पांच फोनला गेले, उरलेले ५.२ व्होल्ट, अर्धा अँपिअर प्रवाहानें गुणिले असतां २.६ वॉट, रेग्युलेटरच्या नखाएवढ्या अंगांत उष्णता होऊन राहिले. पाठीला पत्रा नसलेला असा रेग्युलेटर दर वॉटला सुमारें ६५ अंश तापतो. मुलांनीं गुणाकार केला आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलें. सुदैवानें ७८०५ शहाणा आहे; आंतील उष्णता १५० अंशांच्या आसपास गेली कीं तो स्वतःच वीज तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हां जोडतो. अॅल्युमिनियमचा तळहाताएवढा जाड पत्रा, ज्याला दुकानदार हीट सिंक म्हणतात, त्याच्या पाठीला स्क्रूनें आंवळला, मध्यें उष्णता नेणारें पांढरें मलम लाविलें आणि पेटीला खालीं-वर भोंकें पाडलीं. पेटीचा बंद पडण्याचा रोग गेला. पण वाचकांच्या लक्षांत येईल कीं, ह्या तऱ्हेच्या चार्जरांत अर्ध्याहून अधिक वीज फुकट तापण्यांत जाते. विकतचे हलके चार्जर वेगळ्या रीतीचे असतात. ते विजेला सेकंदाला हजारों वेळां तोडून-जोडून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेतात आणि फारसे तापत नाहींत. ती रीत शाळेच्या मेजावर करून पाहण्यासारखी नाहीं, कारण तिच्यांत ३०० व्होल्टच्या वरचा दाब उघड्या पाटीवर खेळत असतो, आणि प्लग काढल्यावरही कांहीं वेळ टिकून राहतो.

एक लहानसा घोळ उरला होता. फोन भरे, पण सावकाश. यूएसबीच्या खोबणींत चार पट्ट्या असतात: कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन निरोपाच्या. विकतच्या पुष्कळ चार्जरांत मधल्या दोन पट्ट्या एकमेकींस जोडलेल्या असतात. फोन त्या चांचपून पाहतो, आणि जोडलेल्या आढळल्या तर समोर भरपूर वीज देणारा दाता आहे असें समजून दीड अँपिअरपर्यंतही मागणी करूं शकतो. मोकळ्या असल्या तर तो सावधपणें थोडीच घेतो. मुलांच्या पेटींत त्या मोकळ्या होत्या. मुलांनीं एका डाखानें त्या जोडल्या आणि फोननें लगेच तोंड मोठें केलें; दाब ४.४ वर घसरला, ट्रान्सफॉर्मर घूं-घूं करूं लागला. कांहीं फोन दाता थकला असें पाहून आपण होऊन मागणी कमी करतात. हा करीत नव्हता. दोष फोनचा नव्हता. एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, पूल व कपॅसिटर ह्यांच्यामागें बसविला म्हणजे सतत सुमारें सहा दशांश अँपिअरच देऊं शकतो, हें सत्य लपवून आम्हीं फोनला खोटें आश्वासन दिलें होतें. तो डाख काढून टाकला. सावकाश भरेल तर भरो. जातां जातां वायरीविषयींही एक शब्द: मीटर पेटीच्या तोंडाशीं ४.९८ दाखवीत असतां फोनच्या तोंडाशीं एका वायरीनें ४.७ व दुसरीनें ४.४ पोंचले. दुसरी दिसावयास जाड होती, पण जाडी सारी रबराची. आंतील तांबें केसाएवढें. फोन मंद भरतो म्हणून चार्जर उघडण्यापूर्वीं वायर बदलून पाहण्यास कांहीं खर्च येत नाहीं.

पुणें जिल्ह्यांतच शिरूर तालुक्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला. खेड्यांतील मुलांनीं हातानें काम करतां करतां शास्त्र शिकावें, ही तेथील पद्धति. आमच्या दोघां विद्यार्थ्यांस तेथें एकदां न्यावें असें आमच्या मनांत आहे. सध्यां तरी आईच्या फोनसाठीं भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण असलेला नवा चार्जर विकत आणिला आहे, आणि तो उंदरांच्या वाटेबाहेर उंच खुंटीला टांगतात. घरचा चार्जर विज्ञान-मंडळाच्या जुन्या फोनवर काम करतो.

मुलांनीं वहींत एक पान आंखलें आहे. त्यांत रोज रात्रीं आठ वाजतां, वडिलांस जवळ बसवून, भिंतींतील दाब व चार्जरचा दाब मांडतात. त्यावरून असें दिसतें कीं, भिंतींतील दाब १८० च्या खालीं गेला कीं चार्जर आजही पांच व्होल्ट देत नाहीं, आणि हिशेबानेंही तेंच उत्तर येतें. दोनऐवजीं अर्ध्या व्होल्टच्या आसपास दलाली घेणारा एलएम २९४० नांवाचा रेग्युलेटर मिळतो. त्याच्या बाहेरच्या टोंकाला निदान २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अवश्य लागतो, नाहींतर तो थरथरूं लागतो. तो आणावयास मुलें दिवाळीच्या सुटींत बुधवार पेठेंत जाणार आहेत. खोटा फोन बरोबर नेऊं काय, असें त्यांनीं काल विचारलें.